शीर्षकपट्टी : मोकळी जागा की वाया गेलेली जागा?

संगणकावर कोणताही प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर एक चौकट उघडते. तिला आपण विंडो किंवा खिडकी म्हणतो. या चौकटीच्या माथ्यावर एक आडवी पट्टी असते. पट्टीत फाइलचे आणि प्रोग्रामचे नाव असते, एका टोकाला खिडकी लहान-मोठी करण्याची व बंद करण्याची बटणे असतात, आणि उरलेली जागा रिकामी असते. हीच शीर्षकपट्टी, म्हणजे टायटल बार. संगणकाच्या पहिल्या एक-दोन तासांतच विद्यार्थी तिची आकृती काढतात, भागांना नावे देतात आणि परीक्षेत एका वाक्यात उत्तरही लिहितात.

अडचण अशी की ही आकृती आणि आजचा पडदा आता जुळत नाहीत. इंटरनेट ब्राउझर उघडावा तर नावाच्या जागी टॅबची रांग दिसते. लेखनाच्या प्रोग्राममध्ये त्याच पट्टीत शोधाची चौकट, साठवण्याचे बटण आणि वापरणाऱ्याचे नाव दाटीवाटीने बसलेले असते. लिनक्सवरच्या अनेक नव्या प्रोग्राममध्ये मेनूसुद्धा पट्टीतच जाऊन बसला आहे. अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याने “बाई, यात टायटल बार कुठे आहे?” असे विचारले तर तो प्रश्न अगदी योग्य म्हणावा लागेल.

हा बदल का झाला, त्यातून काय मिळाले आणि काय गेले, याचे परीक्षण येथे करायचे आहे. आमचे मत आधीच सांगून ठेवतो. बदलामागचा जागेचा हिशेब खरा आहे, पण तो अपुरा आहे. पट्टीतील मोकळ्या जागेला काहीच काम नाही असे धरून तो मांडला गेला, आणि तेथेच गफलत झाली.

पट्टी काय काम करते?

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. त्याचा पडदा काळा-पांढरा होता आणि त्यावर आडवे ५१२ व उभे ३४२ ठिपके, म्हणजे पिक्सेल, मावत. इतक्या तुटपुंज्या जागेतही प्रत्येक खिडकीला शीर्षकपट्टी दिलेली होती. जी खिडकी वापरात असेल तिच्या पट्टीवर बारीक आडव्या रेषा दिसत. दुसऱ्या खिडकीवर गेलो की पहिलीच्या रेषा नाहीशा होत. रंग हाताशी नसताना केलेली ही योजना आजही दाद देण्यासारखी आहे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ मध्ये फुलीचे बटण नव्हते. पट्टीच्या डाव्या टोकाच्या चौकोनावर दोनदा क्लिक करून खिडकी बंद करावी लागे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये उजव्या कोपऱ्यात तीन बटणे एकत्र आली आणि हीच मांडणी पुढे बहुतेकांच्या हातात बसली.

या जुन्या पट्टीची कामे मोजली तर ती पाच भरतात. पहिले, समोर कोणती फाइल आहे ते सांगणे. दुसरे, उघड्या खिडक्यांपैकी कोणती वापरात आहे, म्हणजे कळफलकावर दाबलेले अक्षर कोठे उमटेल, ते दाखवणे. तिसरे, खिडकी धरून सरकवण्यासाठी मूठ पुरवणे. चौथे, बंद करण्याची व लहान-मोठी करण्याची बटणे ठरलेल्या जागी ठेवणे. पाचवे काम सहज लक्षात येत नाही. पट्टीच्या खालचा सगळा भाग त्या त्या प्रोग्रामचा असे, पण पट्टीचे रूप आणि वागणे मात्र कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ठरवत असे. त्यामुळे प्रोग्राम कोणीही लिहिलेला असो, पट्टी सगळीकडे सारखीच वागे.

जागेचा हिशेब

आता बदलाची बाजू पाहू. २००० सालाच्या आसपास अनेक पडदे १०२४ × ७६८ पिक्सेलचे होते. पुढे रुंद पडद्यांचे लॅपटॉप आले आणि त्यांत १३६६ × ७६८ हे माप फार प्रचलित झाले. या दोन मापांची तुलना करा. रुंदी ३४२ पिक्सेलनी वाढली, उंची मात्र एकानेही वाढली नाही. आपले बहुतेक वाचन आणि लेखन वरून खाली चालते, म्हणजे टंचाई उंचीची होती आणि भर पडली ती रुंदीत!

त्यातच पडद्यावर आडव्या पट्ट्यांची चळत वाढत गेली. शीर्षकपट्टी, मेनूची पट्टी, बटणांची पट्टी, ब्राउझर असेल तर टॅब आणि पत्त्याची पट्टी, शिवाय तळाशी टास्कबार. विंडोज १० मध्ये नेहमीच्या मापाची शीर्षकपट्टी सुमारे ३० पिक्सेल उंच असते. ७६८ पैकी ३० म्हणजे जवळजवळ ४ टक्के. मजकुराच्या भाषेत बोलायचे तर साधारण दीड ओळ.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या गूगल क्रोमने ही दीड ओळ वाचवली. त्याने टॅबची रांग उचलून थेट शीर्षकपट्टीत नेली. ग्नोम या लिनक्सवरील प्रणालीने सप्टेंबर २०१३ च्या ३.१० आवृत्तीत ‘हेडर बार’ आणला. त्यात शीर्षक, मेनू आणि बटणे अशा तीन पट्ट्यांची मिळून एकच पट्टी झाली. मॅकवर ऑक्टोबर २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीत सफारीसारख्या प्रोग्रामांची शीर्षकपट्टी आणि बटणांची पट्टी एकत्र झाली.

हा फायदा नाकारण्याचे कारण नाही. पण तो किती आहे हेही पाहावे. पडद्याची उंची १०८० पिक्सेल असेल तर ३० पिक्सेल म्हणजे २.८ टक्के. १४४० असेल तर २.१ टक्के. पडदा जसा मोठा होतो तसे बचतीचे महत्त्व घटते. शिवाय एकत्र केलेली पट्टी पूर्वीइतकी बारीक राहत नाही. ग्नोमचा मूळ हेडर बार सुमारे ४६ पिक्सेल उंच होता. तीन पट्ट्या घालवून तो बसवला तर बचत चांगली होते. ज्या छोट्या प्रोग्राममध्ये मुळात शीर्षक आणि एक बारीक मेनू एवढेच होते, तेथे बचत नाममात्र उरते.

फिट्सचा नियम दोन्ही बाजूंनी बोलतो

बदलाच्या समर्थनार्थ आणखी एक मुद्दा मांडला जातो, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल असा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केले. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका तेथे पोचायला वेळ जास्त, हे आपल्याला अनुभवाने माहीत असते. फिट्स यांनी त्याला गणिती रूप दिले. अंतराच्या दुपटीला लक्ष्याच्या रुंदीने भागायचे आणि येणारी संख्या २ चा कितवा घात आहे ते पाहायचे. हा घात म्हणजे त्या हालचालीच्या अवघडपणाचा अंक. लागणारा वेळ या अंकाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो.

उदाहरण घेऊ. लक्ष्य १६ सेंटिमीटर दूर आहे आणि १ सेंटिमीटर रुंद आहे. ३२ भागिले १ म्हणजे ३२, म्हणजे २ चा पाचवा घात. अवघडपणा ५. रुंदी दुप्पट केली तर तो ४ होतो, निम्मी केली तर ६. स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माऊसची हालचालही या नियमाने समजावता येते असे दिसून आले.

पडद्याच्या कडेला मात्र एक गंमत होते. माऊसचा बाण कडेपलीकडे जाऊ शकत नाही. हात कितीही जोरात पुढे ढकलला तरी बाण कडेलाच थांबतो. म्हणून कडेला चिकटलेले लक्ष्य दिसायला अरुंद असले तरी त्या दिशेने ते जणू अमर्याद खोल असते. पूर्ण पडदाभर पसरलेल्या खिडकीत टॅब अगदी वरच्या कडेला नेल्याने ते पकडणे खरोखर सोपे झाले. क्रोमच्या योजनेतील ही सर्वांत भक्कम बाजू आहे.

पण तोच नियम उलट दिशेनेही लावून पाहायला हवा. खिडकी सरकवायची तर पट्टीतील रिकामी जागा पकडावी लागते. पूर्वी ती जवळजवळ पट्टीच्या रुंदीएवढी होती. आता टॅब, शोधाची चौकट आणि बटणे यांच्यामधून जी फट उरेल तीच मूठ. लक्ष्य अरुंद झाले, अवघडपणा वाढला. त्यात चुकीची किंमतही वाढली. पूर्वी नेम थोडा चुकला तरी बाण रिकाम्या जागेतच पडे. आता नेम चुकला तर टॅब निघून वेगळी खिडकी होते किंवा एखादे बटणच दाबले जाते. ज्यांचा हात माऊसवर अजून बसलेला नाही, वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांचा हात कापतो, त्यांना हा फरक जास्त जाणवणार.

येथे शिक्षकांना वेगळे उदाहरण शोधायची गरज नाही. वहीच्या प्रत्येक पानावर आपण समास सोडायला लावतो. समासात काहीच लिहिलेले नसते म्हणून ती जागा वाया गेली असे कोणी म्हणत नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक येतो, शिक्षकांचा शेरा येतो, आणि मजकूर न झाकता पान धरताही येते. शीर्षकपट्टीतील मोकळी जागा याच जातीची आहे.

नाव कुठे गेले?

टॅबच्या योजनेत फाइलचे नाव पूर्ण नाहीसे होत नाही, पण आखडते. १३६६ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर दहा टॅब उघडले तर प्रत्येकाच्या वाट्याला १३६ पिक्सेलसुद्धा येत नाहीत. त्यांतून चिन्ह आणि फुली वजा करा. समजा, फाइलींची नावे ‘प्रथम सत्र विज्ञान गुणपत्रक नववी अ’, ‘प्रथम सत्र विज्ञान गुणपत्रक नववी ब’ अशी आहेत. टॅबमध्ये सगळीकडे ‘प्रथम सत्र’ एवढेच दिसेल, आणि जो शब्द पाहायचा तो नेमका कापला जाईल. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार येतात. त्यामुळे पट्टीची उंची कमी करताना आपल्या लिपीचा विचार इंग्रजीपेक्षा थोडा अधिक करावा लागतो.

मॅकवर नावाशेजारी फाइलचे छोटे चिन्ह असते. ते माऊसने ओढून फाइल थेट दुसरीकडे नेता येते. नोव्हेंबर २०२० च्या बिग सर आवृत्तीत हे चिन्ह लपवले गेले आणि बाण नावावर नेल्यावरच ते दिसू लागले. पडदा अधिक स्वच्छ दिसला हे खरे. परंतु ज्याला ते चिन्ह असते हेच माहीत नाही, तो बाण तेथे कशाला नेईल? पुढच्या वर्षीच्या माँटेरे आवृत्तीत ते कायम दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये देण्यात आली.

वापरातील खिडकी ओळखण्याच्या बाबतीतही असेच झाले. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या पांढऱ्या होत्या. वापरातील खिडकी कोणती हे अक्षरांच्या गडदपणावरून आणि कडेच्या सावलीवरून ताडावे लागे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत पट्टीला रंग देण्याचा पर्याय परत आला. काळ्या-पांढऱ्या मॅकिंटॉशने जे काम काही रेषांत भागवले होते, ते कोट्यवधी रंग दाखवणाऱ्या पडद्यावर अवघड होऊन बसावे, हे तंत्राच्या मर्यादेमुळे घडले असे म्हणता येणार नाही. तो आवडीचा परिणाम होता.

पट्टी कोणाची?

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि चर्चेत तोच मागे पडतो.

युनिक्स व लिनक्सवर दीर्घकाळ चाललेली एक्स ही खिडक्यांची व्यवस्था अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पट्टी काढण्याचे काम सहसा ‘विंडो मॅनेजर’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम करतो. म्हणून आतला प्रोग्राम अडकून पडला तरी त्याची खिडकी बाजूला सारता येते. पट्टी जेव्हा प्रोग्राम स्वतःच रंगवतो तेव्हा तो अडकला की त्याची फुलीही अडकते. मग कार्यप्रणालीला वेगळी सोय करावी लागते. प्रोग्राम जिवंत आहे का याची विचारणा करायची आणि उत्तर आले नाही तर तो बंद करण्याचा पर्याय द्यायचा. विंडोजमध्ये अशा वेळी प्रणाली अडकलेल्या खिडकीच्या जागी तिची प्रतिकृती उभी करते आणि प्रतिसाद मिळत नसल्याची सूचना लिहिते. ही सूचना कोठे दिसते? शीर्षकपट्टीतच.

एकसारखेपणाचेही तसेच आहे. उबुंटूने एप्रिल २०१० मध्ये खिडकीची बटणे उजवीकडून डावीकडे नेली. त्यावर पुष्कळ टीका झाली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ती परत उजवीकडे आली. निर्णय बरोबर असो वा चूक, पट्टी प्रणालीच्या हाती असल्यामुळे तो एका ठिकाणी घेता आला आणि एका ठिकाणी बदलता आला. प्रत्येक प्रोग्राम आपली पट्टी आपण काढू लागला की असा बदल प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाळावा लागतो. काही पाळतात, काही पाळत नाहीत. एक्सनंतर आलेल्या वेलँड या व्यवस्थेत हा वाद अजून मिटलेला नाही. पट्टी प्रोग्रामने काढावी असे ग्नोमचे धोरण आहे, तर केडीई ही दुसरी प्रणाली ती स्वतः काढून द्यायला तयार असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

यात विश्वासाचाही प्रश्न आहे. वेबपानाच्या आतच एक खोटी खिडकी चितारायची, तिला खोटी शीर्षकपट्टी व खोटा पत्ता द्यायचा आणि तेथे पासवर्ड टाकायला लावायचा, असा फसवणुकीचा एक प्रकार आहे. २०२२ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. संशय आला तर एक चाचणी करावी. ती खिडकी पट्टीला धरून ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून पाहावी. वेबपानात चितारलेली खिडकी चौकटीबाहेर येऊ शकत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना ही चाचणी जरूर शिकवावी. प्रत्येक प्रोग्रामची पट्टी निराळी दिसू लागली की खरे कसे दिसते याची नजरेला सवयच राहत नाही, आणि अशा फसवणुकीला वाव मिळतो.

दुसरा मार्ग होता का?

होता, आणि आहे. १९९० च्या दशकातील बीओएस या प्रणालीत पट्टी खिडकीभर पसरलेली नसे. ती नावापुरतीच लांब, पिवळ्या टॅबसारखी असे आणि खिडकीच्या माथ्यावर डावी-उजवीकडे सरकवताही येई. तिच्याच धर्तीवर उभारलेल्या हायकू या प्रणालीत वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या खिडक्यासुद्धा एका चळतीत लावून टॅबसारख्या वापरता येतात. मॅकवर २०१६ च्या सिएरा आवृत्तीपासून अनेक प्रोग्रामांना टॅबची सोय प्रणालीनेच देऊ केली. मायक्रोसॉफ्टनेही २०१८ मध्ये विंडोजच्या चाचणी आवृत्त्यांत सर्व प्रोग्रामांसाठी सामायिक टॅब आणून पाहिले होते, पण ते नेहमीच्या वापरकर्त्यांपर्यंत पोचले नाहीत.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. टॅब हवेत की शीर्षकपट्टी, अशी निवड करण्याची वेळ मुळात यायला नको होती. टॅब सर्वांना उपयोगी असतील तर ते सर्वांसाठी एकाच ठिकाणी, प्रणालीने पुरवावेत. तसे वेळेवर झाले नाही म्हणून प्रत्येक प्रोग्रामने आपापली सोय पाहिली. निदान निवड वापरणाऱ्याच्या हाती ठेवणे शक्य आहे. फायरफॉक्समध्ये टूलबारची मांडणी बदलण्याच्या पानावर शीर्षकपट्टी परत आणण्याचा पर्याय आहे. लिनक्सवरील क्रोममध्येही प्रणालीची पट्टी वापरण्याची सोय आहे. अशी सोय ठेवणाऱ्या प्रोग्रामांना आम्ही अधिक गुण देऊ.

वर्गात करून पाहा

संगणकाच्या खोलीत एका तासात पुढील निरीक्षणे करता येतील.

१. पाच प्रोग्राम उघडा. प्रत्येकाच्या पट्टीची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. पडद्याच्या उंचीशी तिचे शेकडा प्रमाण काढा. पट्टीतील रिकामी रुंदीही मोजा.

२. एका विद्यार्थ्याला प्रत्येक खिडकी दहा वेळा ठरावीक अंतर सरकवायला सांगा. दुसऱ्याने घड्याळ लावून वेळ मोजावा, तिसऱ्याने चुका मोजाव्यात. रिकामी रुंदी आणि वेळ यांचा आलेख काढा.

३. प्रोजेक्टरवर दोन खिडक्या शेजारी ठेवा. मागच्या बाकावरून वापरातील खिडकी कोणती हे ओळखता येते का ते पाहा.

४. फाइलच्या नावात वेगळेपणा दाखवणारा शब्द आधी लिहा, उदाहरणार्थ ‘नववी अ विज्ञान प्रथम सत्र’. टॅबमधील नाव आता ओळखू येते का ते तपासा.

पट्टीवर जागाच उरली नसेल तर विंडोजमध्ये ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबावे. येणाऱ्या मेनूत खिडकी हलवण्याचा पर्याय असतो. ग्नोममध्ये सुपर कळ दाबून धरली की खिडकी कोठेही पकडून सरकवता येते. विद्यार्थ्यांना हे माहीत असू द्यावे. मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या मुठीची जागा पाठ केलेल्या कळा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत, हेही सांगावे.

परीक्षेतील प्रश्नही आता थोडा बदलावा असे सुचवावेसे वाटते. ‘शीर्षकपट्टी म्हणजे काय?’ याऐवजी एखादा नवा प्रोग्राम समोर ठेवून ‘शीर्षकपट्टीच्या पाच कामांपैकी येथे कोणते काम कोठे गेले आणि कोणते गेलेच नाही, नाहीसे झाले?’ असे विचारावे. उत्तरे निरनिराळी येतील. त्यांतील बरीच बरोबर असतील.